आत्ताच पिऊन आले

आमच्या वस्तीत दारात कुणी आलं की आधी पाणी पुढं करायचं, मग नाव-गाव विचारायचं. उन्हातनं आलेल्या माणसाला आधी "कोण तुम्ही?" म्हणून विचारणं हे पोलिसाचं काम. पण ही झाली आमची बाजू. समोरच्या बाजूचं सांगायचं तर माझ्या उभ्या आयुष्यात वस्तीबाहेरनं आमच्या दारी आलेला माणूस तहानलेला असा मी क्वचितच बघितला. मतं मागायला आलेले, शेळी विकत घ्यायला आलेले, खुरपणीला बायका बोलवायला आलेले, शिरगणतीचे मास्तर, सगळे आपले येण्याआधी कुठंतरी पोटभर पाणी पिऊन आलेले. पेला पुढं केला की हात छातीशी नेऊन म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो." मे महिन्याचं ऊन, ओठांवर पापडी धरलेली, आणि म्हणे आत्ताच पिऊन आलो. परभणी जिल्ह्यात पाण्याचा तुटवडा आहे असं पेपरात वाचते तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडं येणाऱ्यांना तर कधी कमी पडल्याचं दिसलं नाही.

भांडण नाही, शिवी नाही, तीन शब्द फक्त. आमची लेकरं बाराखडीच्या आधी हे तीन शब्द ओळखायला शिकतात. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जो सगळा घोळ झाला तो या तीन शब्दांनी झाला.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. एसटी फाट्यावर सोडते, तिथनं पायी. वरच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं, मधी मशिदीजवळ मुसलमानांचा लहानसा मोहल्ला, आणि ओढ्याच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात पाणी एकाच विहिरीचं. ती वरच्या अंगाच्या एका मोठ्या शेतकऱ्याची. आम्ही खाली घागर ठेवून उभं राहायचं, आणि वरनं कुणाला दया आली की ती आमच्या घागरीत पाणी वतायची. दया येण्याची वेळ काही ठरलेली नसायची.

मग आम्ही बायका रिकाम्या घागरी घेऊन पंचायतीच्या दारात बसलो. बसलो म्हणजे बसलोच. भाकरी तिथंच, लेकरांची हागणीमुतणी तिथंच. पंच मंडळींना आत जायचं तर आमच्या घागरी ओलांडून जावं लागे. शेवटी वैतागून का होईना, वस्तीत बोअर पडली. हापसा बसला त्या दिवशी पहिली घागर मी भरली आणि ती डोक्यावर घेऊन उगीच सगळ्या वस्तीतनं फिरून आले, घर हापशाच्या समोर असून. पुढं मोटार आली, टाकी आली. आणि पाणी काय सांगू तुम्हाला! गोड. तुरीची डाळ शिजायला टाकावी आणि वळून बघावं तर शिजलेली. साबणाला फेस असा की कपडा सापडू नये. त्या विहिरीच्या पाण्यात डाळ घोटून घोटून खांदा भरून यायचा. आम्ही एकमेकींना म्हणायचो, बघा, जमिनीच्या पोटात तरी न्याय आहे.

न्यायाबरोबर आणखी काय होतं ते आम्हाला दिसत होतं, पण कळत नव्हतं. वस्तीत जन्मलेल्या लेकरांचे दुधाचे दात पडून पक्के आले की त्यांच्यावर तपकिरी पट्टे असायचे. माझ्या थोरल्या नातीचे तसेच आले. गोरीगोमटी पोर, डोळे मोठे, आणि हसली की तोंडावर हात. शाळेत बाईंनी तिला दात घासत नाही म्हणून उभं केलं. माझ्या सुनेनं तिचे दात मिठानं घासले, कोळशानं घासले, लिंबानं घासले. पट्टे जिथल्या तिथं. कुणी म्हणालं चहा पिते म्हणून, कुणी म्हणालं आजी मिश्री लावते तिची नजर. आता आजी मिश्री लावते तर आजीचे दात काळे व्हावेत का नातीचे? पण ऐकून घेतलं.

गंमत अशी की लग्न होऊन वस्तीत आलेल्या सुनांचे दात मात्र पांढरेशुभ्र. माझ्या सुनेचं माहेर पालमकडं, तिचे दात तर जोंधळ्याच्या कणसासारखे. आणि आमच्या पोटच्या पोरींचे तपकिरी. उत्तर असं डोळ्यासमोर उभं होतं, हसत होतं, आणि आम्ही त्याचं काय केलं? आम्ही अभिमानानं म्हणायचो, "सुना मातर पारखून आणल्यात आमी."

तर अशात सुनेला दुसरी मुलगी झाली. ती रांगायला लागली, डाळीचं पाणी, मऊ भात खायला लागली, आणि त्याच सुमाराला पाण्याची तपासणी करणारी सरकारी जीप गावात आली.

जीपमध्ये एक डॉक्टरीणबाई होती. वयानं लहान, बोलण्यावरनं पुण्याकडची. बरोबर तपासणीची पेटी घेतलेला एक माणूस, आणि ड्रायव्हर. त्यांनी गावात तीन ठिकाणी सभा घेतल्या. कुठल्या वस्तीत शिरताना काय म्हणायचं हे बाईला कुणीतरी नीट पढवलं होतं. वरच्या अंगाला राम राम, मोहल्ल्यात सलाम, आमच्याकडं जयभीम. तिन्ही तिनं बिनचूक म्हटलं. त्यापुढचं मात्र कुणी पढवलेलं दिसलं नाही. मोहल्ल्यातली सभा ठेवली ती नेमकी रमजानात, भर दुपारी. रोजा धरलेली माणसं वाळल्या तोंडानं बसून कुठलं पाणी चांगलं ते ऐकत होती. तिथली एक म्हातारी मला पुढं म्हणाली, "क्या बोलू माँ, सुबू से थूक नै निगले, और ये पानी की बातां कररे." वरच्या अंगाला मारुतीच्या आवारातली बोअर वाईट निघाली, तर पुजारी म्हणाला, "देवाला रोज चालतंय ते माणसाला कसं चालत न्हाई?" देवाचे दात कुणी बघितलेत, असं बाई म्हणू शकली असती. पण बिचारीला नोकरी होती.

आमच्याकडं विहाराच्या अंगणात सभा. सतरंजी टाकली, टेबल मांडलं. टेबलावर त्यांनी आणलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या. मागं एक मोठा कागद टांगला. मी शाळेत गेले नाही, पोरांच्या पाटीवर बघून बघून वाचायला शिकले, म्हणून वस्तीत असलं काही आलं की वाचायचा मान माझा. मी मोठ्यानं वाचलं, "फ्लोराइडयुक्त भूजलाचे प्राशन टाळा." आता प्राशन हा शब्द आम्हाला पेपरातनं माहीत. पेपरात माणूस फक्त विष प्राशन करतो. मागनं एक जण घाबरून म्हणाली, "आगं बया, कुणी केलं?"

हशा झाला. बाईही हसली. मला ती आवडली, खोटं कशाला सांगू. ऊन रणरणत होतं, तिच्या कपाळावरनं घाम ओघळत होता. मी घरातनं स्टीलचा तांब्या घासूनपुसून भरून आणला, नवा पेला आणला आणि तिच्यासमोर धरला.

ती म्हणाली, "नको आजी, आत्ताच पिऊन आले."

त्यानंतर ती बराच वेळ बोलली. लेकरांच्या दातांवर हे पाणी डाग पाडतं, वर्षानुवर्षं प्यायलं की गुडघे आणि पाठ आखडतात, लेकरू जितकं लहान तितकं जपायला पाहिजे. अगदी खरं, अगदी मोलाचं बोलत होती. पण सभा माझ्या पेल्यापाशीच संपली होती. माणसं बसून होती, कान उठून घरी गेले होते.

शेवटी पेटीवाल्या माणसानं नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. आमच्या बोअरचं पाणी पिवळं झालं. बायका खूश! हळदीसारखं पिवळं म्हणजे शुभच की. मग त्यानं दुसऱ्या नळीत थेंब टाकले, ते पाणी लाल-गुलाबी राहिलं. आमचं एक पोरगं म्हणालं, "लाल म्हणजे धोका." पेटीवाला घामाघूम. "उलटं आहे हो, उलटं. पिवळं ते वाईट, लाल ते चांगलं."

"हे चांगलं पाणी कुठलं मग?" मी विचारलं.

"ते वरच्या बाजूच्या जुन्या विहिरीचं."

झालं. आता कान परत आले, आणि चांगले टवकारून आले. म्हणजे जी बोअर आम्ही घागरी घेऊन बसून मिळवली ती वाईट. आणि जिथं आम्ही खाली उभं राहून दयेची वाट बघितली ते पाणी चांगलं. आणि हे सांगणारी बाई आमच्या घरचा पेला शिवली नाही. एवढं सगळं जुळून आल्यावर पुढचं जुळवायला शिक्षण लागत नाही.

"बोअर बंद करायचा डाव हाय," एक म्हणाली.

"उकळून पिलं तर?" दुसरीनं विचारलं.

"उकळून उपयोग नाही," बाई म्हणाली. "उकळल्यानं हे जात नाही."

"मागल्या साली तुमचीच माणसं आल्ती, उकळा उकळा म्हणून. आमी समदं सरपण जाळलं. आता म्हंता उकळू नका. पुढल्या साली काय, पिऊच नका?"

जीप गेली. त्या दिवशी बोअरवर रोजच्यापेक्षा जास्त घागरी भरल्या गेल्या. ज्यांच्या घरी पाणी होतं त्यांनीही ओतून देऊन पुन्हा भरलं.

आता जीपचा ड्रायव्हर मानवतकडचा, आमच्यातलाच. परत जाताना त्यानं बाईला सांगितलं म्हणे, "मॅडम, तुम्ही आज तिथं काय बोललात ते तुम्हाला माहीत नाही." सगळं समजावून सांगितलं.  बाईच्या डोक्यात जातपात नव्हती, फ्लोराइड होतं. पण डोक्यातलं काही कपाळावर लिहिलेलं नसतं ना.

आठवड्यानं ती परत आली. एकटी. सरळ माझ्या घरात येऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आजी, पाणी द्या."

मी दिला पेला. तोंड लावून, न थांबता प्याली. पदर नव्हता, ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून एक द्या."

माझी छाती अशी भरून आली की काय सांगू. एवढ्या वर्षांत माझ्या दारात इतक्या तहानेनं पाणी कुणी प्यालं नव्हतं. आम्ही दोघी गप्पा मारत बसलो, तिच्या आईला संधिवात आहे हे कळलं, लग्नाचं बघतायत हे कळलं. फ्लोराइडचा विषय निघाला नाही. पाहुणी पाणी पिऊन समाधानानं बसलेली असताना तिला तेच पाणी वाईट आहे असं कोण बोलायला लावेल?

ती गेल्यावर मी चपला घातल्या आणि घराघरातनं सांगून आले. "डॉक्टरीणबाई पिली! एक न्हाई, दोन गिलास!" संध्याकाळपर्यंत वस्तीचा निकाल लागला. पाणी वाईट म्हणून सांगणारीच दोन पेले पिऊन गेली, म्हणजे पाणी चांगलं. माझ्या माहितीत आरोग्य खात्याचा एवढा मोठा प्रचार गावात दुसरा कुठला झाला नाही. फक्त उलटा झाला.

घरी आले तर सून चुलीपाशी. धाकटी तिच्या कडेवर. सून मला मामी म्हणते, आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात.

"मामी, तुमी वस्तीभर काय सांगत फिरायलात?"

"खरं तेच सांगायलेय. बाई पिली का न्हाई?"

"ती पाणी न्हाई पिली. ती तुमचा मान पिली." सुनेचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भ्या वाटलं. "दोन गिलासांनी तिला काय व्हतंय? तिचे दात कवाच आलेत. हिचे यायचेत." आणि तिनं कडेवरच्या लेकराच्या हनुवटीला बोट लावलं. लेकरानं तोंड उघडून दुधाचे चार दात दाखवले, तिला वाटलं खेळायलेत.

"आन् पिली नसती म्हंजे?"

"मंग तुमी म्हणला असता, बाटायला भिली. पिली तर म्हंता पाणी चांगलं. त्या बाईनं करावं तरी काय, सांगा की मला."

थोरली कोपऱ्यात अभ्यास करत होती. ती वर बघून काही बोलणार होती, पण बोलायच्या आधी तिचा हात सवयीनं तोंडावर गेला. सुनेनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "एकीचं झालं ते झालं. दुसरीचं मी हुऊ देणार न्हाई."

 मी म्हणाले, "डाळ उतू जायलीय तिकडं बघ." आणि खरंच जात होती. या पाण्याला डाळ फार लवकर उकळी घेते.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली. वंदना झाली की माणसं थोडी बसतात, कुणाला काही सांगायचं असलं तर सांगतात. सून उठली. मला वाटलं आता ही दातांचं बोलणार, गुडघ्यांचं बोलणार आणि माणसं घरी जाणार. पण ती दातांचं बोललीच नाही.

"गावात चांगलं पाणी एकाच ठिकाणी हाय," ती म्हणाली. "वरच्या अंगाच्या हिरीत. मशीन तसं सांगती. मामीलोकांनी घागरी घिऊन बसून जे मिळवलं, ते हलकं निघालं. भारी पाणी आजून तिकडंच हाय. आन् आपुन ते त्यायच्यासाठी सोडून बसलोत."

 मग एक निवृत्त क्लार्क होते आमच्यातले, ते ताठ झाले. "सोडलं असं कोण म्हणतं?"

"मंग कोण जायलंय तिथं पाण्याला?"

"आता कोण अडवू शकत नाही. कायदा आहे."

"अडवत कोणीच न्हाई. जात बी कोणीच न्हाई."

बघा आता. रोग म्हणून सांगितलं तर कुणी हललं नाही. अन्याय म्हटल्याबरोबर सगळी वस्ती उभी राहिली. आमचा कान त्याच सुराला लागलेला आहे, त्याला आम्ही काय करणार. मीच सगळ्यात मोठ्यानं म्हणाले, "उद्या सकाळी जायाचं. घागरी घासून ठेवा."

सकाळी आम्ही निघालो ते भांडायच्या तयारीनं. काय बोलायचं, कोण बोलणार, सगळं ठरलेलं. विहिरीपाशी पोचलो तर भांडायला कुणीच नाही. रहाट गंजलेला. आत वाकून बघितलं तर पाण्यावर हार-फुलांचा कुजका थर, प्लास्टिकच्या बाटल्या, देवांच्या फुटक्या तसबिरी, एक सुपली, एक चप्पल. ज्या पाण्याला आमची सावली चालत नव्हती त्या पाण्याची ही दशा. मारुतीपाशी बोअर झाल्यापासून त्यांनीही ही विहीर टाकून दिली होती. आम्ही घागरी घेऊन उभ्या, आणि कुणाशी भांडावं ते कळेना. तयारी करून गेलेल्या माणसाची याच्याइतकी फजिती नाही.

तेवढ्यात त्या घरची म्हातारी काठी टेकत आली. ती माझ्याच वयाची, आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. त्या काळी वरनं वतणारी ती, खालनं घेणारी मी. तशी जुनी ओळख. गुडघे इतके आखडलेले की पायऱ्यांपाशी यायला तिला वेळ लागला.

"कोण गं तिकडं? काय पायजे?"

"पाणी," मी म्हणाले.

"ह्यातलं? आगं, ह्यात पाणी कुठं हाय, आमचा समदा जुना देव्हारा हाय ह्यात."

"डॉक्टरीणबाई म्हंती ह्याचंच चांगलं."

"मला बी म्हणली. मी म्हणलं, मारुतीचं सोडून ह्या घाणीचं प्यायला मी येडी हाय का?" मग ती दगडावर टेकली, दोन्ही हातांनी गुडघा धरून. "पर आता उठाया दोघी लागत्यात मला. आन् आमच्या नातवाचे दात..."

"तपकिरी पट्ट्याचे?"

"तुला कसं ठावं?"

मी थोरल्या नातीचं सांगितलं. ती ऐकत होती. आमच्या दोन घरांत सारखं काय आहे असं कुणी मला विचारलं असतं तर मी काही नाही म्हणाले असते. दात होते.

"उपसून साफ करावी लागंल," ती म्हणाली.

"कोण करंल?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. "तुमच्यातली माणसं हिरीत चांगली उतरत्यात," ती म्हणाली. म्हणजे पूर्वी आम्ही शिवलो की पाणी बाटायचं, आता आम्ही उतरल्याशिवाय ते शुद्ध होणार नव्हतं. प्रगती याहून वेगळी काय असते!

"उतरतील की," मी म्हणाले. "तुमची बी उतरू द्या संगं. आन् साफ झाल्यावर पहिला गिलास माझ्या हातनं तुमी प्यायचा. समद्या गावादेखत."

"आगं, मी तसलं काय मानत न्हाई."

"मंग तर लयच सोपं हाय, बाई."

विहीर साफ झाली. तिच्या लेकानं पाणी उपसायला मोटार दिली. आमची माणसं तळाला, गाळ पाट्यांत भरून देणारी. त्यांची माणसं वर, पाट्या ओढणारी. नाही म्हणायला त्यांचीही उतरली. दोन पायऱ्या, पण उतरली. मोहल्ल्यातल्या पोरांनी रहाटाला तेलपाणी करून नवा दोर लावला. झरे मोकळे झाले, पाणी भरलं, निवळलं. मग जीप आली. डॉक्टरीणबाईनं औषध टाकायला लावलं, थांबायला लावलं, मग तपासणी. नळीतलं पाणी लालच राहिलं, आणि या वेळी कुणी धोका म्हणालं नाही.

सगळं गाव विहिरीभोवती. आणि कुणी पिईना. आमची माणसं म्हणत होती, आधी त्यांनी प्यावं. त्यांची म्हणत होती, आधी यांनी प्यावं. दोन्हीकडं घागरी रिकाम्या, तोंडं कोरडी. डॉक्टरीणबाई पुढं होऊन प्यायला निघाली तर सुनेनं तिचा हात धरला. "मॅडम, तुमी नका. तुमी पिलं की घोळ व्हतोय."

मी माझा पेला काढला. तोच, नवा. भरला, आणि म्हातारीपुढं धरला.

तिनं पेल्याकडं बघितलं. मागं तिची सगळी भावकी उभी होती. तिचा हात छातीकडं गेला. "मी आत्ताच..." ती म्हणाली, आणि थांबली.

मी पेला धरून ठेवला. काठोकाठ भरलेला, थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं.

सून माझ्या शेजारी उभी होती, धाकटी कडेवर. लेकराला एवढ्या माणसांत फक्त चकचकीत पेला दिसत होता. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि "मम, मम" म्हणून पेल्यावर झेप घेतली.

"आगं थांब, थांब, तुला न्हाई!" म्हातारी एकदम म्हणाली. कुठल्याही म्हातारीनं म्हणावं तसं. "आधी मला बघू दे ह्यात काय हाय ते." आणि तिनं माझ्या हातनं पेला ओढून घेतला. वरनं नाही, तोंड लावून प्याली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय," ती म्हणाली.

तोवर धाकटीनं पेला खाली ओढला आणि उरलेलं पाणी घटाघट प्याली. उष्टं. अर्धं अंगावर, अर्धं पोटात. तिला मचूळ काही वाटलं नाही. मग रहाट कुरकुरायला लागला, आणि पहिली घागर कुणाची भरली ते मलाही आठवत नाही. सगळे आपापला नंबर लावण्यासाठी भांडत होते. तेवढं भांडण ऐकून मला बरं वाटलं, त्या पहिल्या सकाळची तयारी अगदीच वाया गेली नाही.

जाताना डॉक्टरीणबाईनं सुनेला विचारलं, "तू विहारात नेमकं काय सांगितलंस? आम्ही एवढ्या सभा घेतल्या."

"रोगाचं कायच न्हाई सांगितलं," सून म्हणाली.

बाई खूप हसली. पुढं तिची बदली झाली.

आता सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मारुतीचं तीर्थ अजून बोअरचंच आहे. पळीभरानं काय होतं, पुजारी म्हणतो. आमच्यातही काही घरं गोड पाणी सोडवत नाही म्हणून चोरून पितात. म्हातारीचे गुडघे काही सुधारले नाहीत, आणि त्याचा राग ती माझ्यावर काढते. मतं मागायला येणारे अजूनही कुठंतरी आत्ताच पिऊन येतात. माझ्या घरात मात्र दोन माठ आहेत, एक विहिरीचा प्यायला आणि स्वयंपाकाला, एक बोअरचा वापरायला. धाकटीला चालायला यायच्या आधी कुठल्याला हात लावायचा नाही ते तिच्या आईनं शिकवलं.

त्या धाकटीचा मागल्या महिन्यात पुढचा दुधाचा दात पडला. तिनं तो कौलावर फेकला आणि रोज सकाळी आरशात बघायला लागली. सून भाकरी थापताना तिच्या तोंडाकडं बघायची आणि मी सुनेकडं. काल थोरली जिंतूरहून कॉलेजातनं आली. तिनं मोबाइलची बत्ती लावली, बहिणीचा ओठ वर केला. 

"आलाय," थोरली म्हणाली. "एवढासा. करवतीसारखा."

"कसा हाय?" सुनेनं विचारलं. भाकरी तव्यावर जळत होती.

"पांढरा."

धाकटीला एवढी माणसं आपल्या तोंडात बघताना बघून हसू फुटलं. मोठ्यानं हसली, फट सगळी उघडी टाकून. थोरलीही हसली. हात तोंडावर गेला तिचा, सवयीनं.

जेवायला बसलो तर डाळ नेहमीप्रमाणं कच्ची. या विहिरीच्या पाण्यानं ती शिजतच नाही, दातांखाली कचकच लागते. एरवी मी सुनेला दोन शब्द ऐकवले असते. काल धाकटी समोर बसून त्या एका नव्या दातानं ती चावायची खटपट करत होती. मी गप्प चावत राहिले.